तो पोरगा कुठून आला?

२१ फेब्रुवारी १९७२. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर संध्याकाळी मुलांसाठी एक खास कार्यक्रम लागला. डॅनी के हा तेव्हाचा लाडका नट. त्याच्याच नावानं बेतलेल्या कार्यक्रमात तो निवेदक होता, गायक होता आणि गोष्टीतल्या मार्माड्यूक नावाच्या इरसाल ठकाचा आवाजही होता. बाकी सगळी बाहुल्यांची दुनिया. रँकिन-बास या कंपनीची ही खासियत होती. बाहुली तसूभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, पुन्हा चित्र. गोष्ट होती हान्स ख्रिश्चन अँडरसनची, सम्राटाच्या नव्या कपड्यांची. सम्राटाला आवाज दिला होता सिरिल रिचर्डनं, राजकन्येला इमोजीन कोकानं. (मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू व्हायला त्या दिवशी अजून सात महिने बाकी होते. आपल्याकडच्या पोरांनी ही गोष्ट पुस्तकात वाचली, नाहीतर आजीकडून ऐकली.)

गोष्ट ठाऊक नाही असा माणूस विरळा. कपड्यांच्या नादी लागलेला सम्राट. दोन ठक येतात, आम्ही विणकर म्हणतात. आमचं कापड असं की जो आपल्या पदाला नालायक किंवा ठार मूर्ख असेल त्याला ते दिसतच नाही. रिकाम्या मागावर धोटा फिरत राहतो, रेशीम आणि सोनं ठकांच्या पिशवीत जातं. मंत्री येतो, त्याला काही दिसत नाही, तो वाहवा करून परततो. मग दुसरा अधिकारी, मग खुद्द सम्राट. शेवटी मिरवणूक निघते, आणि गर्दीतलं एक पोर म्हणतं, अहो, याच्या अंगावर काहीच नाही!

ही गोष्ट टीव्हीवर आणताना एक अडचण उभी राहते. पुस्तकात आपण मंत्र्याच्या मनात शिरतो. आपल्यापुढे फक्त शब्द असतात, कापड आपल्यालाही दिसत नसतं आणि न दिसणंही दिसत नसतं. पडद्यावर मात्र पहिल्या क्षणाला रिकामा माग समोर उभा. घरबसल्या प्रत्येक प्रेक्षक तोच पोरगा झालेला असतो, मग शेवटी पोरगा ओरडला तर त्यात धक्का कसला? म्हणून टीव्हीवाल्यांना नाट्य दुसरीकडे शोधावं लागतं. १९७२ च्या कार्यक्रमानं ठकालाच नायक केलं आणि राजकन्येशी त्याचं सूत जुळवलं. १९८५ मध्ये शेली ड्युव्हॉलच्या ‘फेअरी टेल थिएटर’ या मालिकेनं हीच गोष्ट केली. दिग्दर्शक पीटर मेडॅक, सम्राट डिक शॉन, आणि दोन ठक म्हणजे अ‍ॅलन आर्किन आणि आर्ट कार्नी. तिथंही रंगत आणली ती ठकांच्या जोडगोळीनं. ही दोन्ही रूपांतरं बघताना माझं लक्ष वारंवार एकाच ठिकाणी अडकतं. टीव्हीवाले इतकं सगळं बदलतात, मग आपण त्यांना मोडतोड केली म्हणायचं का? मुळात ‘मूळ’ गोष्ट तरी कोणती?

याचा माग काढणाऱ्या अभ्यासकांच्या पाठोपाठ चालत गेलं, की पहिला थांबा लागतो कोपनहेगनमध्ये, १८३७ च्या वसंतात.

अँडरसन तेव्हा बत्तिशीला टेकलेला. ओडेन्सच्या चांभाराचा मुलगा. आई लोकांचे कपडे धुणारी. चौदाव्या वर्षी एकटाच राजधानीत आला, नट व्हायला, गायक व्हायला, नर्तक व्हायला. यातलं काहीच जमलं नाही. योनास कोलिन या वजनदार सरकारी अधिकाऱ्यानं त्याला हाताशी धरलं, राजाच्या निधीतून शाळेत घातलं. कोलिनांच्या घरात त्याला जेवायला पान होतं, पण तो त्या घरातला कधीच झाला नाही. योनासचा मुलगा एडवर्ड हा त्याचा जिवलग. तोच त्याचं शुद्धलेखन सुधारी, प्रुफं बघी, प्रकाशकाशी बोले.

न्यूहाउन बंदराकाठच्या २० नंबरच्या घरात बसून अँडरसननं मुलांसाठीच्या गोष्टींची तिसरी पुस्तिका तयार केली. तीत दोनच गोष्टी होत्या: एक जलपरीची आणि एक सम्राटाच्या कपड्यांची. हस्तलिखित छापखान्यात गेलं. आणि त्या हस्तलिखितात पोरगा नव्हताच.

अँडरसननं आधी लिहिलेला शेवट असा होता. सम्राट मिरवणुकीत चालतो आहे, सगळे कपड्यांची तारीफ करताहेत. सम्राट खूष होतो आणि ठरवतो की यापुढे प्रत्येक मिरवणुकीला, प्रत्येक समारंभाला हाच पोशाख घालायचा. गावभर त्या अप्रतिम कपड्यांची चर्चा. संपलं. कोणी ओरडत नाही, कोणी हसत नाही, लबाडी उघडी पडत नाही. राजा नागडा, प्रजा खूष, कारभार चालू.

सांगायचं तर मला हा शेवट जास्त भीतिदायक वाटतो.

पण खिळे जुळत असतानाच अँडरसनच्या डोक्यात दुसरं काही आलं. त्यानं एडवर्डला पत्र लिहून कळवलं की शेवट बदलायचा आहे, हा नवा मजकूर घाला, यानं गोष्टीला उपहासाची धार येईल. पोरगा बोलतो. बाप म्हणतो, ऐका हो, या निष्पाप जिवाचं. मग कुजबुज, मग साऱ्या गावाचा गलका. सम्राटाच्या अंगावर काटा येतो, कारण लोकांचं खरं आहे हे त्याला पटतं. पण मिरवणूक तर पार पाडायलाच हवी, म्हणून तो आणखी ताठ मानेनं चालू लागतो आणि मागचे मानकरी नसलेला पदर उचलून धरत राहतात. ७ एप्रिल १८३७ रोजी राइट्सेलच्या प्रकाशनानं पुस्तिका बाजारात आणली ती या शेवटासह. दिरंगाई झाली असती, पत्र पोचलं नसतं, छापखान्यानं कुरकुर केली असती, तर आज जगभरच्या अग्रलेखांत जो पोरगा नेमानं हजेरी लावतो तो जन्मालाच आला नसता.

का बदलला असेल शेवट? अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले आहेत. कोणी म्हणतं, त्यानं गोष्ट एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवली असावी आणि त्याचा चेहरा बघून सुचलं असावं. अँडरसननं स्वतः पुढे एक आठवण सांगितली आहे. लहानपणी तो आईबरोबर गर्दीत उभा होता, राजा सहावा फ्रेडरिक येणार म्हणून. राजा आला आणि पोर मोठ्यानं बोलून गेलं की अरे, हा तर साधा माणूसच आहे! आईनं दटावलं, वेड लागलं का तुला. अँडरसनच्या आठवणी जरा जपूनच घ्याव्या लागतात. स्वतःच्या आयुष्याची परीकथा करायची त्याला हौस होती. तरी ही आठवण मिरवणुकीच्या प्रसंगाशी इतकी बेमालूम बसते, की एक तर तिच्यातून गोष्ट आली असेल नाहीतर गोष्टीतून ती.

त्या वेळचं कोपनहेगनही ध्यानात घ्यायला हवं. डेन्मार्कात अजून निरंकुश राजेशाही होती. १८३५ मध्ये पाचशेहून अधिक प्रतिष्ठितांनी छपाईस्वातंत्र्य आवळू नये म्हणून राजाकडे अर्ज केला. राजानं उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की राज्याच्या आणि प्रजेच्या हिताचं काय ते ठरवणं एकट्या आम्हालाच जमतं. कारकून, सल्लागार, पदव्या आणि मानपान यांच्यावर चाललेलं ते शहर. तिथल्या माणसाचा मोठ्यात मोठा धसका कोणता? आपण या खुर्चीच्या लायकीचे नाही हे कोणाला तरी कळेल, हा. अँडरसनच्या ठकांनी कापडाला लावलेली अट नेमकी तीच आहे.

आणि लिहिणारा तरी कुठं निर्लेप होता? ज्या राजाच्या काळात ही गोष्ट छापली गेली, त्याच राजाकडून १८३८ मध्ये त्याला सालिना ४०० रिग्सडालरचं मानधन सुरू झालं. पुढे सन्मानपदकं छातीवर मिरवायला त्याला आवडे. छायाचित्रण निघाल्यावर त्यानं आपले दीडशेहून अधिक फोटो काढून घेतले. पोशाखाच्या हौशीबद्दल लिहायला त्याला बाहेर कुणाकडे बघायची गरज नव्हती.

ही कल्पना आपली नाही, हे मात्र अँडरसननं लपवलं नाही. ती स्पेनची आहे, डॉन हुआन मान्वेल या राजपुत्राची आहे, हे त्यानं स्वतः नोंदवलं. त्याच्या हाती आला होता तो जर्मन अनुवाद. म्हणून मागाचा दुसरा थांबा पाचशे वर्षं मागे.

डॉन हुआन मान्वेल हा काही ग्रंथालयात बसून राहणारा लेखक नव्हता. कॅस्टिलच्या राजघराण्यातला, दहावा आल्फोन्सो हा त्याचा सख्खा काका. लढाया, तह, दगाफटका यांतच उमर गेलेली. १३३५ मध्ये त्यानं ‘एल कोन्दे लुकानोर’ पुरं केलं. त्याची मांडणी आपल्या ओळखीची वाटावी अशी आहे: सरदार लुकानोर पेच सांगतो, त्याचा शहाणा सल्लागार पात्रोनियो उत्तरादाखल गोष्ट सांगतो, शेवटी बोधाचे दोन चरण. नकलनवीस आपल्या लिखाणाची वाट लावतात याची मान्वेलला इतकी धास्ती, की त्यानं स्वतः तपासलेली प्रत पेन्याफिएलच्या मठात ठेवली. ती प्रत पुढे नाहीशी झाली. नकलनविसांच्या प्रती तेवढ्या उरल्या, आणि छापील पुस्तक निघायला १५७५ साल उजाडलं.

गोष्ट बत्तिसावी. ठक इथं तीन आहेत. कापडाची अट ऐकून मात्र अँडरसनचा वाचक चमकतो: जो आपल्या बापाचा खरा मुलगा नसेल त्याला ते दिसणार नाही. हे ऐकून राजा हरखतो. त्याला कपड्यांची हौस अजिबात नाही. त्याचा हिशेब निराळाच आहे. त्या मुलुखात औरस मुलगा नसेल तर वारसाहक्क नाही. म्हणजे या कापडानं कोण अनौरस ते हुडकायचं, आणि त्याची मालमत्ता सरकारजमा करायची. राजा तिथं हावरा आहे. नटवेपणाचा मागमूस नाही. ज्या गोष्टीला आपण मिरवण्याच्या हौसेची गोष्ट म्हणून ओळखतो तिच्यातली ती हौस अँडरसननं घातली, आणि पोरगाही त्यानंच घातला.

पुढचा प्रसंग मला अँडरसनपेक्षा मान्वेलचाच सरस वाटतो. राजानं आधी पाठवलेले दोघे कापड बघून आलेत, वाखाणताहेत. आता राजा स्वतः मागापुढे उभा. विणकर हातवारे करून सांगताहेत, हा नक्षीचा पट्टा, हा रंग. राजाला काही दिसत नाही. त्या क्षणी त्याला कळतं की आपण ज्या राजाचे पुत्र म्हणून सिंहासनावर बसलो त्याचे पुत्रच नाही. हे बाहेर फुटलं तर राज्य गेलं. दुसऱ्यांची वतनं हडपायला निघालेल्या माणसाला स्वतःच्याच आईबद्दल संशय येतो, आणि तो विणकरांपेक्षा मोठ्यानं कापडाची स्तुती करू लागतो. अँडरसनच्या सम्राटाला फार तर खुर्ची जाण्याची भीती आहे. मान्वेलच्या राजाला आपण कोण हेच कळेनासं होतं.

सणाचा दिवस. राजा ‘पोशाख’ चढवून घोड्यावर बसतो. लेखक मिस्किलपणे सांगतो की उन्हाळा होता म्हणून बरं. सगळं गाव बघतं आणि गप्प राहतं, प्रत्येकाला वाटतं की फक्त मलाच दिसत नाही. अखेर बोलतो तो राजाचा घोडा सांभाळणारा मोतद्दार. काळा माणूस, हरकाम्या, ज्याला वारसा नाही की वतन नाही. तो राजाला सांगतो की मी कुणाचा मुलगा म्हणवतो यानं मला काडीचाही फरक पडत नाही, तेव्हा एक तर मी आंधळा आहे किंवा आपण नागडे आहात. राजा त्याला शिव्या घालतो: तू अनौरस, म्हणूनच तुला दिसत नाही. पण एकदा शब्द बाहेर पडले. दुसरा बोलतो, तिसरा बोलतो, मग भीती गळून पडते. ठकांना शोधायला माणसं धावतात तोवर ते पैसे घेऊन पसार.

मोतद्दार आणि पोरगा यांत मला मोतद्दार आवडतो. पोरगा खरं बोलतो कारण त्याला कळत नाही. मोतद्दाराला सगळं कळतं. अट काय आहे, अटीमागची धमकी काय आहे आणि ती धमकी आपल्याला का लागू पडत नाही, हे त्यानं ताडलेलं आहे. त्याच्या जागी गोंडस पोर आणून अँडरसननं उपहास धारदार केला हे खरं. पण सत्य बोलणाऱ्याची जातकुळीही बदलून टाकली. पोराला कोणी चाबकानं मारणार नव्हतं. मोतद्दाराला मारू शकले असते. तरीही अग्रलेखवाल्यांना पोरगाच हवा असतो.

मान्वेलचा बोध काय? तोही अनपेक्षित आहे. जो तुम्हाला सांगतो की ही गोष्ट तुमच्या माणसांपासून लपवा, तो तुम्हाला फसवायला आलेला आहे. घमेंडीवर अवाक्षर नाही. राजकारणात मुरलेल्या माणसाचा व्यवहारी इशारा तेवढा आहे.

एकदा ही अट नजरेत भरली, की युरोपात ती ठिकठिकाणी दिसू लागते. जर्मन भाषेत तेराव्या शतकात डेअर श्ट्रिकर या कवीनं आमिस नावाच्या लबाड पाद्र्याला राजाच्या महालात चित्रकार म्हणून नेलं. भिंत कोरी, अट तीच. पुढे टिल ऑयलेनश्पीगल या लोककथांतल्या खोडकराच्या नावावर तीच भिंत चढली. सगळ्यांत झोंबणारा अवतार सेर्व्हान्तेसचा. १६१५ मध्ये छापलेल्या त्याच्या छोट्या नाटकात ठक एका गावात ‘चमत्कारांचा खेळ’ घेऊन येतात. ज्याच्या जन्मात खोट आहे किंवा ज्याच्या रक्तात धर्मांतरित ज्यूंचा अंश आहे, त्याला खेळ दिसणार नाही. तेव्हाच्या स्पेनमध्ये रक्ताच्या शुद्धतेचे दाखले मागितले जात होते. हा विनोद करणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता. कोऱ्या पडद्यापुढे गावचे पुढारी बैल आला म्हणून पळतात, उंदीर आले म्हणून किंचाळतात, पाऊस पडला म्हणून अंग पुसतात. इतक्यात खराखुरा फौजी अधिकारी येतो, सैनिकांची राहायची सोय करा म्हणतो. त्याला काही दिसत नाही म्हटल्यावर सारं गाव त्याच्यावर तुटून पडतं: हा त्यांच्यातला! तो तलवार उपसून सगळ्यांना झोडपतो. आणि ठक? ते खूष आहेत. खेळाची पत शाबूत राहिली, उद्या पुन्हा लावू म्हणतात. सत्य सांगणारा इथं आला, त्यानं सांगितलं, आणि काही फरक पडला नाही. टीव्हीसाठी यापेक्षा चांगली संहिता मिळणार नाही.

१९२७ मध्ये आर्चर टेलर या अमेरिकी लोककथाअभ्यासकानं ‘मॉडर्न फिलॉलॉजी’त एक निबंध लिहून या धाग्यांची जुळणी केली. लोककथांच्या जागतिक वर्गवारीत आज या गोष्टीला १६२० हा क्रमांक आहे. पण १३३५ च्या आधी, मान्वेलला ही कल्पना कुठून मिळाली? त्याच्या घरातच एक खूण आहे. काका आल्फोन्सोनं युवराज असताना, १२५१ मध्ये, ‘कलीला व दिम्ना’ अरबीतून कॅस्टिलियन भाषेत उतरवून घेतलं अशी ख्याती आहे. कलीला म्हणजे आपला करटक, दिम्ना म्हणजे दमनक. पंचतंत्र पहलवीत गेलं, तिथून अरबीत, तिथून स्पेनच्या राजवाड्यात. म्हणजे गोष्टींची वाट वाहती होती. या एका गोष्टीचं पाऊल त्या वाटेवर दिसायचं बाकी होतं.

ते पाऊल वाळवंटात निघालं.

जैसलमेरच्या किल्ल्यात जैन मंदिराच्या तळघरात पोथ्यांचं भांडार आहे. पंधराव्या शतकात खरतर गच्छ या जैन साधूंच्या शाखेतल्या जिनभद्रसूरींनी ते भरवलं. बाहेर धुमश्चक्री चाललेली असताना ताडपत्रं आत सुरक्षित राहिली, कोरड्या हवेनंही साथ दिली. १८७४ मध्ये गेऑर्ग ब्यूलर तरुण हेर्मान याकोबीला घेऊन तिथं गेला. ब्यूलर मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला. त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी सरकारसाठी जमवलेल्या पोथ्या आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहेत. जैसलमेरचं भांडार मात्र भांडारातच राहिलं, आणि बरंच झालं. विसाव्या शतकात बडोद्याहून चिमणलाल दलाल गेले, त्यांच्या याद्या १९२३ मध्ये छापल्या गेल्या. मग मुनी पुण्यविजयजी गेले. जैन साधू, म्हणजे प्रवास पायी. पान पान तपासून त्यांनी जैसलमेरच्या पोथ्यांची नवी सूची रचली. ती अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरानं प्रसिद्ध केली १९७२ मध्ये, मुनींच्या निधनाच्या पुढच्याच वर्षी. त्याच साली तिकडे डॅनी के बाहुल्यांच्या सम्राटाला गंडवत होता.

या भांडारातला एक ग्रंथ म्हणजे जिनरत्नाचा ‘लीलावतीसार’. तेराव्या शतकातला, संस्कृत, पद्यात. नावाप्रमाणे तो दुसऱ्या एका ग्रंथाचं सार आहे: अकराव्या शतकात जिनेश्वरसूरींनी प्राकृतात रचलेल्या ‘निर्वाणलीलावती’चं. जिनेश्वर हे खरतर गच्छाचे आद्य आचार्य. त्यांचा मूळ ग्रंथ हरवला आहे. काही जीव जन्मामागून जन्म घेत कसे मोक्षाला पोचले, याची ती कथामाला. प्राकृत-अपभ्रंशाचे मोठे पंडित हरिवल्लभ भायाणी यांनी १९८३ मध्ये अहमदाबादहून सार संपादून प्रसिद्ध केलं. भायाणी मुंबईच्या भारतीय विद्या भवनात घडलेले. पुढे रिचर्ड फाइन्स यांचं इंग्रजी भाषांतर आलं आणि पाश्चात्त्य कथाअभ्यासकांना दिसलं, की त्या शेकडो श्लोकांत एक ओळखीचा ठक बसला आहे.

हस्तिनापूरचा धन नावाचा लबाड व्यापारी श्रावस्तीच्या राजाकडे येतो. दिव्य वस्त्र विणून देतो म्हणतो. त्या वस्त्राची अट: ज्याचा जन्म अनौरस असेल त्याला ते दिसणार नाही, हातालाही लागणार नाही.

अट तीच. अक्षरशः तीच. मान्वेलच्या आधी सुमारे तीनशे वर्षं, त्याच्या गोष्टीतल्या वारसाहक्काच्या कायद्याशी काहीएक संबंध नसलेल्या देशात. जिनेश्वरांपासून कॅस्टिलपर्यंतचा थेट दुवा कोणी दाखवलेला नाही, आणि ही कथा जिनेश्वरांचीच की त्यांनीही कुणाकडून ऐकलेली, हेही सांगता येत नाही. पण हाताच्या बोटाचा ठसा जुळावा तशी ही अट जुळते. ‘हातालाही लागणार नाही’ ही पुस्ती तर खास व्यापाऱ्याची. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून बघणारच, हे धनला पक्कं माहीत आहे. त्याची सोय त्यानं आधीच करून ठेवली.

राजा वस्त्र ‘नेसतो’. दरबार वाखाणतो. नगरातून मिरवणूक निघते. आणि इथं श्रावस्तीचे लोक जे करतात ते ना कोपनहेगनच्या पोराला सुचलं, ना कॅस्टिलच्या मोतद्दाराला. ते राजाला विचारतात: महाराज, आपण नग्न साधू झालात की काय?

पुन्हा वाचावा असा प्रश्न आहे. यात टवाळी नाही, धाडस नाही. युरोपात नागडा राजा म्हणजे एकच अर्थ, फजिती. श्रावस्तीत, निदान जैन श्रोत्यांच्या श्रावस्तीत, नागव्या राजाचा दुसरा सरळ अर्थ उपलब्ध होता: राज्य सोडलं, वस्त्र सोडलं, दीक्षा घेतली. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. दिगंबर मुनींचा विहार रस्त्यानं जाताना तिथं माणसं हात जोडून बाजूला उभी राहतात. कोणी ओरडत नाही की याच्या अंगावर कपडे नाहीत. लोकांना प्रश्न पडतो तो भक्तिभावानं, आणि नेमक्या त्या भक्तिभावानं राजाचे डोळे उघडतात. त्याला कळतं की आपण फसलो. कोणी उघडं पाडलं म्हणून नाही. आपल्याला भलत्याच थोरवीचा मान मिळतो आहे हे ऐकून.

शिवाय जिनेश्वर श्वेतांबर होते. पांढरी वस्त्रं नेसणाऱ्या पंथाच्या आचार्यानं, नग्नता व्रत मानणाऱ्या दुसऱ्या पंथाकडे बघत हा प्रश्न रचला असेल, तर त्यात कोपरखळी नसेलच असं मला वाटत नाही. कोणत्याही भाष्यात ही गोष्ट लिहिलेली मी बघितलेली नाही, हा माझा अंदाज. पण पट्टीचा कथाकार एका दगडात दोन पक्षी मारायची संधी हातची घालवत नाही.

राजाला उमगेपर्यंत धन पळालेला आहे. ठकांचं पुढे काय होतं, हा या सगळ्या अवतारांना लावण्याजोगा चांगला निकष आहे. कॅस्टिलमध्ये ते पसार होतात. कोपनहेगनमध्ये त्यांना शाही विणकर ही पदवी आणि कोटाला लावायला पदक मिळतं. सेर्व्हान्तेसच्या गावात दुसऱ्या दिवशीचा खेळ ठरतो. १९७२ च्या टीव्हीवर ठक नायक होतो. जैन ग्रंथाची पद्धत निराळी: तिथं पळून गेलेल्या माणसाची गोष्ट संपत नाही, कारण कर्म त्याच्याबरोबर पळतं आणि पुढचा जन्म असतोच. टीव्हीच्या भाषेत सांगायचं तर इतर सगळ्यांनी या कथेचा एक-एक भाग केला. जिनेश्वरांनी मालिका लिहिली होती.

त्या मालिकेचं आपल्या हातात आहे ते दुसऱ्यानं केलेलं संक्षिप्त रूप. मूळ होतं प्राकृतात; जैन कथाकार तेव्हा ज्या प्राकृतात लिहीत तिला अभ्यासक जैन महाराष्ट्री म्हणतात, म्हणजे मराठीच्या आजोळचीच भाषा. सार काढताना जिनरत्नानं काय गाळलं, प्रश्न विचारणाऱ्या लोकांत कोण कोण होतं, धननं राजाशी घासाघीस कशी केली, हे त्या मूळ ग्रंथात असणार. तो मिळालेला नाही. पाटण, खंभात, जैसलमेर इथल्या भांडारांत न छापलेल्या पोथ्या मात्र अजून पुष्कळ आहेत.